माझ्या मदतनीस पेशी चुकल्या तेव्हा

हे लिहायला मला पुण्याच्या विमलवहिनीने सांगितलं. तिच्या ओळखीतल्या एका बाईंना नुकतंच मायस्थेनिया ग्रेव्हिस असल्याचं कळलंय, आणि त्या दिवसभर मोबाइलवर काहीबाही वाचून रडत बसतात. "तू त्यातून गेलीस, तर तूच लिही. आणि मराठीत लिही," वहिनी म्हणाली.

आमचं मराठी कुंभकोणमचं. पूर्वज मराठा राजांच्या पदरी तंजावरला आले आणि इथलेच झाले. घरात बोलतो ते मराठी इतकं जुनं आहे की पुण्याची माणसं ऐकून आधी हसतात आणि मग पुन्हा म्हणायला सांगतात. 'हवं' म्हणायचं तिथे आम्ही 'होणा' म्हणतो, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. म्हणून माझं लिहिणं वहिनीने जागोजागी दुरुस्त केलंय. चुका उरल्या असतील तर त्या माझ्या.

मी इथल्या एका मुलींच्या शाळेत बारावीला प्राणिशास्त्र शिकवते. आजार सुरू झाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. घरात आम्ही चौघं. मी, हे, आमची शैला आणि माझे वडील. अप्पा पोस्टमास्तर होते. आई गेल्यावर ते कुंभकोणममधल्याच मेलकावेरीला आमच्याकडे राहायला आले. हे वीज खात्यात इंजिनियर, तिरुप्पनंदाळच्या सबस्टेशनवर. त्या वर्षी शैला बारावीत होती.

हसू

सगळ्यांत आधी माझं हसू गेलं. मला ते कळलंही नाही, ह्यांना कळलं.

जेवताना हे काहीतरी गंमत सांगत होते. मी हसले, आणि ह्यांनी घास ताटात ठेवला. "एवढं तुच्छतेनं काय बघायचं? नाही आवडलं तर नाही म्हण."

मला तर मनापासून हसू आलं होतं. हात धुताना आरशात मुद्दाम हसून पाहिलं. ओठांचे कोपरे वर जाईनात. वरचा ओठ सरळ उचलला जायचा आणि दात दिसायचे, मांजर गुरगुरताना दिसतात तसे. मी पुन्हा पुन्हा हसून पाहिलं आणि दर वेळी ते जास्तच वाईट दिसलं. थकले असेन, असं स्वतःला सांगून झोपले.

मग आवाज. तासाच्या सुरुवातीला ठीक असायचा. वीस मिनिटांनी शब्द नाकातून यायला लागायचे. मागच्या बाकावरच्या दोघी माझी नक्कल करत होत्या, ती ऐकून मीही त्यांच्याबरोबर हसले असते, पण हसायची आता भीती वाटत होती. एकदा फळ्यावर आकृती काढताना उजवा हात खांद्यातून हळूहळू खाली आला. खडू फळ्यावर घासत एक लांब तिरकी रेघ उमटली. दुखत काहीच नव्हतं. मुलींकडे पाठ करून मी उभी राहिले आणि डाव्या हाताने उजवा कोपर धरून ती आकृती पुरी केली.

घरी केस विंचरताना हात वर राहीना. जेवताना चार घासांनंतर जबडा लोंबायचा, मग हनुवटीला हात लावून चावायचं. अप्पा बघायचे आणि म्हणायचे, "रुक्कू, तुझ्या वयात तुझी आई अस्सं बसून खायची नाही. शरीराला आळस शिकवला की ते शिकतं."

यातली खरी अडचण अशी की सकाळी मी अगदी धडधाकट असायची. डॉक्टरांच्या वेळा सकाळच्या. तीन डॉक्टरांनी मला सकाळी तपासलं आणि तिघांनाही काही सापडलं नाही. तिसऱ्यांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही ताण आहे का?" आणि मन शांत राहावं म्हणून गोळ्या दिल्या. परतताना स्कूटरवर हे म्हणाले, "आता डॉक्टरच म्हणतात. तू जरा मन घट्ट कर."

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर नाकातूनच आलं असतं.

बर्फ

समोरून येणाऱ्या एका रिक्षाच्या दोन रिक्षा दिसायला लागल्या तेव्हा मी कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सुदैवाने त्यांची वेळ संध्याकाळची होती. तोपर्यंत माझी डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर आलेली असायची.

त्या वयस्कर होत्या. घाई करायच्या नाहीत. त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. मी बघत राहिले आणि पापणी पडद्यासारखी खाली सरकत गेली. त्यांनी मदतनीस मुलीला शेजारच्या ज्यूसच्या दुकानातून बर्फ आणायला पाठवलं. रबरी हातमोज्यात बर्फ भरला, त्याला गाठ मारली आणि माझ्या मिटल्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटं. त्यांनी घड्याळ लावून मोजली.

"आता उघडा."

डोळा टक्क उघडला. समोरच्या आरशात मला माझे दोन्ही डोळे सारखे दिसले, कितीतरी आठवड्यांनी. मी इतकी खूश झाले की टाळी वाजवणार होते. मग डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"टीचर," त्या म्हणाल्या, "हे मनाचं नाही. ज्यांनी तसं सांगितलं त्यांना माझ्याकडे पाठवा. पण तुम्ही उद्याच तंजावरला मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जा. गिळताना ठसका लागतो का? लागत असेल तर उद्यावरही नको."

मी दाराबाहेर येऊन बाकावर बसले. आपण खोटं बोलत नव्हतो, याचा आनंद आणि 'उद्यावरही नको' याची भीती, दोन्ही एकदमच आली. कोणती आधी सोसायची ते कळेना.

दोन खुणा

तंजावरला हे आले, अप्पाही आले. रक्ताची तपासणी, नसांना विजेचे बारीक झटके देऊन केलेली तपासणी, छातीचा स्कॅन. चार दिवसांनी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं.

नसेतून हुकूम निघतो, पण स्नायूवर तो घेणारी जी दारं असतात ती माझ्याच रक्तातल्या अँटिबॉडी बंद पाडत होत्या. थोडी दारं शिल्लक होती म्हणून सकाळी शक्ती असायची. वापरली की संपायची.

"या अँटिबॉडी तयार कोण करतं?" ह्यांनी विचारलं.

"बी पेशी," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मी हे शिकवते, सर. पण बी पेशी आपणहून एवढं करत नाही. तिला टी पेशीने मदत करावी लागते."

"मग यांना तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. कदाचित मी रडू नये म्हणून.

मी सांगितलं. मदतनीस टी पेशीला परकी वस्तू नुसती समोर आली तर ओळखता येत नाही. कोणीतरी ती वस्तू गिळून, तिचे तुकडे करून, एक तुकडा आपल्या अंगावर वर धरून दाखवावा लागतो. लाखो टी पेशींतल्या ज्या एकीच्या खाचेत तो तुकडा बसतो, तीच जागी होते. मग ती बी पेशी शोधते. बी पेशीनेही तीच वस्तू पकडलेली असते आणि तोच तुकडा वर धरलेला असतो. तुकडा जुळला ही पहिली खूण. पण तेवढ्याने भागत नाही. टी पेशीने बी पेशीला स्वतःहून दुसरी खूण द्यावी लागते, की हो, पुढे जा. ती मिळाली की बी पेशी वाढते आणि अँटिबॉडी सोडायला लागते. दुसरी खूण नाही मिळाली तर बी पेशी गप्प बसते.

"म्हणजे तुझ्या टी पेशीने चुकीच्या वस्तूला हो म्हटलं," हे हळूच म्हणाले.

"माझ्याच वस्तूला."

डॉक्टरांनी स्कॅन दिव्यासमोर धरला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी टी पेशी तिथेच तयार होतात, आणि ज्या आपल्याच शरीरावर उठतील त्यांना तिथेच गाळून टाकलं जातं. माझ्या वयात ती ग्रंथी सुकलेली असायला हवी. माझी फुगलेली होती. "शाळाच बिघडली आहे," डॉक्टर म्हणाले. "ही काढायची. पण आधी शक्ती स्थिर करू. ताकद कमी असताना भूल देणं धोक्याचं."

अप्पा काठीवर पुढे झुकले. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे आळसाने होतं का?"

"आळसाने काहीच होत नाही, आजोबा. पण थकवलं तर वाढतं."

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी दिल्या. एक, टाळायच्या औषधांची यादी. त्यांत साधी वाटणारी अँटिबायोटिकंसुद्धा होती, जी या आजारात श्वास बंद पाडू शकतात. दुसरी एक सवय. रोज सकाळी खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोजत जायचं. त्या दिवशी मी सत्तावीसपर्यंत गेले. "पंधराच्या खाली आलात तर मला फोन करायचा नाही," डॉक्टर म्हणाले, "सरळ यायचं. बसून, आडवं होऊन नाही."

यादी मी फ्रिजच्या दारावर चिकटवली.

माझी चूक

हा भाग लिहायचा नव्हता. वहिनी म्हणाली, हाच लिही.

गोळ्या घड्याळावर सुरू झाल्या. दर चार तासांनी एक, जेवणाच्या अर्धा तास आधी. स्टेरॉइडने चेहरा सुजला, पण आवाज परत आला. शस्त्रक्रिया लवकर करू, असं डॉक्टर म्हणत होते. मीच मुदत मागितली. शैलाची बोर्डाची परीक्षा होऊ दे. तिला वैद्यकीयला जायचं होतं, आणि आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत तिचे सहा महिने आधीच गेले होते. डॉक्टरांनी नाइलाजाने हो म्हटलं.

परीक्षेच्या मधल्या आठवड्यात मला खोकला झाला. मग थोडा ताप. तंजावरला कळवलं तर दाखल करून घेतील हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि दोन दिवसांवर रसायनशास्त्राचा पेपर होता. कपाटातल्या डब्यात ह्यांच्या जुन्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या. मी पाकिटावरचं नाव वाचलं. फ्रिजपाशी जाऊन यादी वाचली. ते नाव यादीत तिसरं होतं.

इतकी वर्षं मुलींना सांगत आले की माहीत असणं आणि वागणं यात अंतर ठेवू नका. आणि मी स्वतःशी म्हटलं, दोन गोळ्यांनी काय होतंय. पाण्याबरोबर घेतल्या. कोणाला सांगितलं नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी उठले तर मान उचलेना. हाताने डोकं उचलून बसले. तोंडात लाळ साठत होती, गिळता येत नव्हती. मोजून पाहिलं. अकरा. वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा मोजलं. नऊ.

हे पहाटेच सबस्टेशनवर गेले होते. शैला पेन, हॉलतिकीट भरत होती. मी टॉवेल तोंडाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिले आणि तिला हाताने खूण केली, जा, उशीर होतोय.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. दप्तर खाली ठेवलं. "अम्मा, मोज."

मी हात हलवून नकार दिला.

"अम्मा, माझ्यासमोर मोज!"

मी सात म्हणेपर्यंत श्वास संपला. शैला ओरडली, "अप्पा!" तिच्या आजोबांना ती अप्पाच म्हणते. "गाडी बोलवा! आत्ता!"

सतरा चोक

अॅम्ब्युलन्स येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत त्या दोघांचं भांडण झालं. शैलाला माझ्याबरोबर यायचं होतं. अप्पा दारात आडवे उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचे, हातात काठी.

"तू पेपरला जायचंस."

"मी नाही जाणार!"

"तुझी आई याचसाठी बोलली नाही. आता तू नाही गेलीस तर तिनं हे अस्सं कशासाठी केलं? मी जातो. मी तिचा बाप आहे."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. ती रडत निघून गेली, मागे वळून न बघता. गेटचा आवाज मी ऐकला.

गाडीत मला आडवं करायला लागले तसा माझा गळा बंद झाला. मी हात झाडले. अप्पा गाडीतल्या माणसावर तमिळमध्ये कडाडले, "बसवून ठेव तिला! झोपवू नको!" हे त्यांना कोणी शिकवलं होतं? डॉक्टर सांगत होते तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं, त्यांनी काही ऐकलंच नाही.

तंजावरचा रस्ता एरवी तासाभराचा. ऑक्सिजनचा मास्क होता, पण हवा आत ओढायला छातीच वर येत नव्हती. पापण्या पडल्या. अंधारात फक्त भोंगा आणि खड्डे. मी मरतेय, आणि स्वतःच्या हाताने, हा एकच विचार डोक्यात घट्ट बसला होता.

अप्पांनी त्यांचं बोट माझ्या मुठीत दिलं. "रुक्कू, बोलायचं नाही. मी पाढा म्हणतो. प्रत्येकाला एकदा दाबायचं. दाबलंस की मला कळेल. सतरा एके सतरा."

मी दाबलं.

"सतरा दुणे चौतीस." दाबलं. "सतरा त्रिक एक्कावन्न." दाबलं. त्यांचा आवाज कापत होता. "सतरा चोक चौसष्ट."

मी दाबलं नाही.

"रुक्कू? रुक्कू! दाब!" मग ते थांबले. "अडुसष्ट. सतरा चोक अडुसष्ट. चुकलं माझं, पोरी. अडुसष्ट."

मी दाबलं. ते हमसून रडायला लागले, आणि रडत रडत पुढचा पाढा म्हणू लागले. वाटेतलं पापनाशम कधी गेलं मला कळलं नाही. एकोणिसाच्या पाढ्यावर कुठेतरी माझं बोट ढिलं पडलं.

जागी

घशात नळी होती. श्वास यंत्र घेत होतं. मला हे लगेच समजलं, कारण मी पूर्ण शुद्धीवर होते. पापण्या मात्र उघडत नव्हत्या. हात बिछान्यावरून एक बोटभर उचलत नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला मी बेशुद्धच वाटणार.

अतिदक्षता विभागात माणसं माझ्यावरून वाकून एकमेकांशी बोलायची. कोणाच्या बदलीबद्दल, कॅन्टीनच्या इडलीबद्दल. एकदा कोणीतरी म्हणालं, "हिचं काय होईल सांगता येत नाही." मला किंचाळायचं होतं. किंचाळायलाही स्नायू लागतात.

सेल्वी नावाची एक नर्स होती. तिला मी आयुष्यभर विसरणार नाही. नळीतला कफ ओढायचा म्हणजे गुदमरून जीव जातोय असं वाटायचं. बाकीचे सरळ ओढायचे. सेल्वी आधी कानाशी येऊन सांगायची, "टीचर, आता ओढते आहे. पाच आकडे. एक, दोन..." पाचाला ती खरोखर थांबायची. एकदाही सहा झाला नाही. तिने एकटीने ओळखलं की मी ऐकते आहे. माझ्या पायाचा अंगठा जरासा हलायचा, तो तिने पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं, हो म्हणायचं असलं की टीचर अंगठा हलवतील.

पण ते चौथ्या दिवशी. त्याच्या आधी, दुसऱ्या दिवशी, हे आणि अप्पा भेटीच्या वेळेला आले. मी बेशुद्ध आहे असं समजून ते माझ्या दोन बाजूंना उभे राहिले.

अप्पा म्हणाले, "मी तिला आळशी म्हटलं होतं. सहा महिने म्हणत होतो."

मग ह्यांचा आवाज आला. "मला वाटायचं, माझ्यावर हसते. तोंड वाकडं करते. दोन महिने मी तिच्याशी धड बोललो नाही, अप्पा. तिला वाटलं असेल मी कामात आहे."

मला ते माहीत नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की हे कामात आहेत.

त्या गोळ्या मीच घेतल्या, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी स्वतःला इतकं दोषी धरावं आणि खरी दोषी मी, मधोमध गप्प पडलेली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी गेलं असावं. ह्यांनी ते रुमालाने टिपलं आणि नर्सला म्हणाले, डोळ्यांत औषध घालायला हवं का?

पिवळ्या पिशव्या

रक्तातला द्रव बदलायला सुरुवात झाली. एक यंत्र माझं रक्त बाहेर काढायचं, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करायचं आणि रक्तपेशी नव्या द्रवात मिसळून परत द्यायचं. एक दिवसाआड, पाच वेळा. तिसऱ्या वेळेनंतर माझी उजवी पापणी उघडली आणि मला ती पिशवी दिसली. फिकट सारासारखी. माझ्या सगळ्या चुकलेल्या अँटिबॉडी तिच्यात.

अकराव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द घोगरा, पण नाकातून नव्हे. ह्यांनी विचारलं, "काय होणा तुला?"

मी म्हणाले, "गोळ्या मी घेतल्या होत्या. यादीतल्या. मुद्दाम."

ह्यांनी माझ्याकडे एकटक पाहिलं. वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "पाकीट मला डब्यात सापडलं. त्याच दिवशी." एवढंच. आजवर त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि कधीकधी मला वाटतं, काढावा.

डॉक्टर मात्र रागावले. "पिशव्या बदलणं म्हणजे होडीतलं पाणी उपसणं. भोक तसंच आहे. तुमच्या टी पेशी अजून खूण देताहेत, बी पेशी अजून ऐकताहेत. आता शस्त्रक्रियेची तारीख तुम्ही ठरवायची नाही."

सात आठवड्यांनी थायमस काढली. छातीच्या मधोमध हाड कापून. दोन-तीन महिने खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. मला वाटलं होतं, ग्रंथी गेली की आजार गेला. तसं होत नाही. बिघडलेल्या टी पेशी आधीच शरीरभर फिरत असतात, वर्षानुवर्षं जगतात. त्या हळूहळू कमी होतात. पेशींची वाढ दाबणारी एक गोळी रोज घ्यावी लागते, तिचा परिणाम दिसायला वर्ष लागतं. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब वर्ष होतं. चांगला आठवडा आला की वाईटाची वाट बघायची.

शैला

शैलाने तो पेपर लिहिला. तीन तास काय लिहिलं ते तिला आठवत नाही. दीड वाजता बाहेर येऊन तिने ह्यांना फोन लावला, तो लागला नाही, आणि आई गेली असं धरून ती परीक्षा केंद्राच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी तिला घरी आणलं.

वैद्यकीयला जागा मिळाली नाही. दोष कोणाला द्यायचा, यावर आमच्या घरात वर्षभर शांतता होती. अशी शांतता भांडणापेक्षा वाईट. मग एक दिवस ती अप्पांना म्हणाली, "तुम्ही मला पाठवलंत. ती वाटेत गेली असती तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं."

"माहीत होतं," अप्पा म्हणाले. "तरी पाठवलं."

ती आता फिजिओथेरपी शिकते आहे. आपल्याला ते आवडतं असं म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

अप्पा मागच्या वर्षी गेले, झोपेत, शांतपणे. शेवटपर्यंत रोज सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी काठी आपटून विचारायचे, "आज किती?" मी मोजून सांगायची. तिसाच्या वर असलं की "सरी", म्हणजे ठीक, म्हणून पेपर वाचायला जायचे.

ज्यांना आत्ताच कळलंय त्यांना

विमलवहिनीच्या ओळखीच्या बाई, तुमचं नाव मला माहीत नाही. मी बरी झाले, असं तुम्हाला लिहिणार नाही. मी गोळ्या घेते, बसून शिकवते, दुपारी तासभर आडवी होते, आणि ती यादी आता ह्यांच्या, शैलाच्या आणि माझ्या तिघांच्या पाकिटात असते. सण-समारंभ बरेच सोडले. मी जगते आहे, आणि बहुतेक दिवस मला हसता येतं. भीती वाटेल तेव्हा कोणाला तरी सांगा. लपवू नका. या आजारातलं सगळ्यांत धोक्याचं औषध लपवणं आहे, ते माझ्या यादीत नव्हतं.

मागच्या महिन्यात जवळच्या साक्कोट्टैहून तिघं माणसं माझ्या घरी आली. तंजावरच्या डॉक्टरांनी पाठवली होती. पंचविशीतली सून, तिचा नवरा आणि सासू. सुनेच्या कडेवर वर्षभराची मुलगी. सुनेचं निदान होऊन आठवडा झाला होता. पापणी अर्धी मिटलेली.

सासू खुर्चीच्या टोकावर बसली होती. पहिलाच प्रश्न तिने विचारला, "अम्मा, सकाळी ही अगदी चांगली असते. दुपारी भांडी घासायच्या वेळेलाच कसं होतं हो हिला?"

सुनेने मान खाली घातली. नवरा जमिनीकडे बघत होता.

मी पेशींबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, "माझे वडील सहा महिने मला हेच विचारत होते. मग एका सकाळी त्यांनी मला गाडीत बसवून नेलं, आणि वाटेत मी त्यांच्या हातात श्वास घ्यायची थांबले. त्यानंतर ते जितकी वर्षं जगले, त्यांनी रोज सकाळी विचारलं, आज किती श्वास आहे. पण आधी विचारायला हवं होतं, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं."

मी कॉफी आणली. पेला धरलेला सुनेचा हात हळूहळू खाली येत होता, तो सासू बघत होती. मी गोळ्यांच्या वेळा कागदावर तमिळमध्ये लिहून दिल्या, यादी दिली, श्वास मोजायला शिकवलं. सून एकोणीसपर्यंत गेली. "वाईट नाही," मी म्हटलं. नवऱ्याने तो आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला.

तिघं निघाली. पायऱ्या उतरताना मुलगी कडेवरून जराशी घसरली, सुनेने दोन्ही हातांनी सावरली आणि कठड्याला टेकून थांबली. सासू दोन पायऱ्या खाली गेली होती. ती परत वर आली आणि तिने मूल आपल्या कडेवर घेतलं.

सून रिकाम्या हातांनी तिच्या मागून उतरली.